विश्लेषण : नव्वदच्या दशकातील कार्टून सुपरहिरो तीस वर्षांनंतरही का आठवतात?

एकमेकांकडे बोट दाखवणारे दोन स्पायडरमॅन! दोन पक्ष एकमेकांवर आरोप करू लागले किंवा ऑफिसात चूक कोणाची यावरून वाद झाला, की हे मीम व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास येऊन पडते. ते पाठवणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते, की हे चित्र १९६७ मध्ये अमेरिकी टीव्हीवर दाखवलेल्या एका कार्टून मालिकेतील आहे. २०२२ मध्ये तर मार्व्हलने तीन चित्रपटांतील तीन खऱ्या स्पायडरमॅनना उभे करून हेच दृश्य पुन्हा टिपले. २०२४ मध्ये ‘एक्स-मेन ९७’ या मालिकेने २७ वर्षांपूर्वी थांबलेले कार्टून जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू केले. जुन्या सुपरहिरो कार्टूनची ही ओढ केवळ बालपणाची आठवण आहे, की त्या कार्टूनमध्ये खरोखर काही वेगळे होते, याविषयी...

ही कार्टून नेमकी कोणत्या काळातील?

सुपरहिरो कार्टूनचा इतिहास टीव्हीपेक्षा जुना आहे. १९४१ मध्ये फ्लायशर स्टुडिओने सुपरमॅनचे रंगीत लघुपट चित्रपटगृहांसाठी तयार केले. असे एकूण १७ लघुपट आले. १९६६ नंतर सुपरहिरो अमेरिकी टीव्हीवरील शनिवार सकाळच्या वेळेत स्थिरावले. शाळेला सुट्टी, आईवडील अजून अंथरुणात आणि टीव्ही मुलांच्या ताब्यात, असे या वेळेचे गणित होते.

मात्र, आज ज्यांच्याविषयी सर्वाधिक हळहळ व्यक्त होते त्या मालिका नव्वदच्या दशकातील आहेत. ‘फॉक्स किड्स’वर ५ सप्टेंबर १९९२ रोजी ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरिज’ सुरू झाली. त्यानंतर अवघ्या ५६ दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, ‘एक्स-मेन’चा पहिला भाग दाखवला गेला. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘स्पायडरमॅन’ आला. तिन्ही मालिकांचे सुरुवातीचे घर एकच होते आणि तिन्हींचा प्रेक्षक शाळकरी होता.

त्याआधीच्या मालिकांना काय झाले होते?

साठच्या दशकाच्या अखेरीस कार्टूनमधील मारामारीविरोधात अमेरिकी पालक संघटित झाले. १९६८ मध्ये मुलांच्या कार्यक्रमांच्या दर्जासाठी पालकांची एक संघटनाच उभी राहिली. वाहिन्यांनी माघार घेतली आणि सुपरहिरोंची जागा विनोदी, निरुपद्रवी मालिकांनी घेतली. १९६९ मधील ‘स्कूबी-डू’ हे त्याचेच फळ. १९७३ मध्ये ‘सुपर फ्रेंड्स’च्या रूपाने सुपरहिरो परतले खरे, पण बरेच सौम्य होऊन.

ऐंशीच्या दशकात दुसरे टोक गाठले गेले. १९८४ मध्ये अमेरिकेतील प्रसारण नियामकाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरचे निर्बंध सैल केले. त्याआधीच, १९८३ मध्ये, मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवर आधारित ‘ही-मॅन’ पडद्यावर आला होता. पुढे खेळणे आधी आणि कथा नंतर, असा शिरस्ताच पडला. भारतात दूरदर्शनवर ही-मॅन पाहणाऱ्या पिढीला प्रत्येक भागाच्या शेवटी मिळणारा उपदेशही आठवत असेल. दिवसभर तलवार उपसणाऱ्या नायकाने अखेरीस चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, अशी ती तडजोड होती.

या धंद्यात ६५ या आकड्याला विशेष महत्त्व होते. आठवड्याचे पाच दिवस आणि तेरा आठवडे म्हणजे ६५. एवढे भाग हाताशी असले, की वर्षभर त्यांचे चक्र फिरवता येते. ‘ही-मॅन’चा पहिला हंगाम ६५ भागांचा होता, ‘बॅटमॅन’ची पहिली मागणीही ६५ भागांची होती आणि ‘स्पायडरमॅन’ तर ६५ भागांवरच थांबला. म्हणजे नव्वदच्या दशकातील मालिकाही त्याच कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. तरीही त्या वेगळ्या ठरल्या.

‘बॅटमॅन’ने काय वेगळे केले?

पहिला फरक कागदाचा. कार्टूनची पार्श्वभूमी सहसा पांढऱ्या कागदावर रंगवली जाते. मालिकेचे एक निर्माते एरिक रॅडोम्स्की यांनी काळा कागद वापरण्याचा निर्णय घेतला. पांढऱ्या कागदावर चित्रकार अंधार भरतो, काळ्या कागदावर त्याला उजेड भरावा लागतो. खिडकीतील दिवा, रस्त्यावरील खांब, मोटारीचे हेडलाइट एवढेच रंगवायचे आणि बाकी शहर अंधारात सोडून द्यायचे. गॉथम शहराचा तो दाट काळोख या साध्या युक्तीतून आला. दुसरे निर्माते ब्रूस टिम यांनी पात्रांची रेखाटने कमीत कमी रेषांत बसवली. त्यामागे १९४१ च्या सुपरमॅन लघुपटांचा प्रभाव होता. रेषा कमी असल्या, की हजारो चित्रे काढणाऱ्या जपान-कोरियातील स्टुडिओंकडून चूक होण्याची शक्यताही कमी होते.

दुसरा फरक खलनायकांच्या वागणुकीचा. मिस्टर फ्रीझ हा कॉमिक्समधील दुय्यम, बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा चोर. लेखक पॉल डिनी यांनी ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात त्याला आजारी पत्नी दिली. तिला वाचवण्यासाठी गोठवून ठेवणारा हा शास्त्रज्ञ मालकाच्या निष्ठुरपणामुळे सर्वस्व गमावतो. या भागाला लेखनाचे एमी पारितोषिक मिळाले आणि पुढे कॉमिक्सनेही हीच पूर्वकथा स्वीकारली. सहसा कॉमिक्सचे कार्टून होते, येथे कार्टूनने कॉमिक्स बदलले. आज जगभर लोकप्रिय असलेली हार्ली क्विनही आधी याच मालिकेत अवतरली.

हिंसा दाखवायची नाही, तर गोष्ट कशी सांगायची?

मुलांच्या वाहिनीवर बंधनांची यादी लांबलचक होती. रक्त, गळा दाबणे, लहान मुलांना इजा, अशा अनेक गोष्टींना मनाई होती. ‘स्पायडरमॅन’मध्ये ती अधिकच जाणवते. पोलिसांच्या हातातही खऱ्या बंदुकांऐवजी लेझर असत आणि नायक क्वचितच कोणाला ठोसा मारी. मॉर्बियस हा तर रक्तपिपासू खलनायक. पण ‘रक्त’ हा शब्दच नको म्हणून तो ‘प्लाझ्मा’ शोधत फिरे आणि दातांऐवजी तळहातांनी तो शोषून घेई. आज हे पाहून हसू येते.

पण याच बंधनांतून काही अविस्मरणीय दृश्येही जन्मली. ‘रॉबिन्स रेकनिंग’ या भागात सर्कशीतील झुल्यावर कसरत करणाऱ्या रॉबिनच्या आईवडिलांचा मृत्यू होतो. तो दाखवता येणार नव्हता. म्हणून झुला पडद्याबाहेर जातो आणि परत येतो तो फक्त तुटलेला दोर. पडणे नाही, किंकाळ्यांचा मारा नाही. पडद्यावरील मुलाला जे कळते, तेच घरी बसलेल्या मुलालाही कळते. या भागाला १९९३ चे प्राइमटाइम एमी मिळाले. मोठ्यांसाठीच्या मालिकांनाही क्वचित जमणारा संयम मुलांच्या कार्टूनने दाखवला होता.

‘एक्स-मेन’ने मुलांना काय सांगितले?

जन्मतःच वेगळी शक्ती लाभलेल्या आणि त्यामुळेच समाजाला नकोशा झालेल्या माणसांची ही गोष्ट. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ती कॉमिक्समध्ये आणली. पुढे मार्गारेट लेश यांनी तिचे कार्टून व्हावे म्हणून बराच काळ प्रयत्न केले. १९८९ चा एक नमुना भाग मालिकेपर्यंत पोहोचला नाही. लेश ‘फॉक्स किड्स’च्या प्रमुख झाल्या, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला.

पहिल्याच कथेत ज्युबिली नावाच्या मुलीच्या मागे महाकाय यंत्रमानव लागतात. कारण तिच्या पालकांनी, तिचे भले होईल या समजुतीने, तिचे नाव सरकारी नोंदणीत घातलेले असते. नोंदणीची ती यादीच पुढे शिकारीची यादी बनते. याच दोन भागांच्या कथेत संघातील मॉर्फ हा सदस्य मारला जातो. कार्टूनमधील ‘आपला’ माणूस मरतो, हा तेव्हाच्या मुलांसाठी धक्काच होता. पुढील हंगामात तो परतला, पण खलनायकाच्या ताब्यात आणि मनाने मोडलेला. भेदभाव, नोंदणी, घरच्यांनीच नाकारणे हे विषय ‘समजायला अवघड’ म्हणून मुलांपासून लपवले गेले नाहीत. पाच हंगाम आणि ७६ भागांनंतर सप्टेंबर १९९७ मध्ये मालिका संपली.

आवाजाला एवढे महत्त्व का?

या मालिकांच्या चाहत्यांना विचारले, तर चित्राआधी त्यांना आवाज आठवतो. ‘बॅटमॅन’च्या ध्वनिमुद्रणाची सूत्रे अँड्रिया रोमानो यांच्याकडे होती. ॲनिमेशनमध्ये कलाकारांना एकेकटे बोलावून संवाद ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत सोयीची असते. रोमानो शक्यतो सर्वांना एकाच खोलीत बसवत, रेडिओवरील श्रुतिकेप्रमाणे. त्यामुळे एकाच्या वाक्यावर दुसऱ्याची प्रतिक्रिया खरी येई. ‘स्टार वॉर्स’मधील नायक मार्क हॅमिल येथे जोकर झाले आणि त्यांच्या हसण्याने एका पिढीची झोप उडवली.

बॅटमॅनचा आवाज होता केव्हिन कॉन्रॉय यांचा. नामांकित ज्युलियार्ड संस्थेत शिकलेले हे रंगभूमीवरील नट. बॅटमॅनची कॉमिक्स त्यांनी वाचलेली नव्हती. त्यांनी ब्रूस वेन आणि बॅटमॅन यांना दोन स्वतंत्र आवाज दिले. लोकांसमोर वावरणारा, हसरा ब्रूस हा मुखवटा आणि अंधारातील खोल आवाज हा खरा माणूस, अशी ती मांडणी होती.

हा आवाज कोठून आला, याचे उत्तर त्यांनी तीस वर्षांनी दिले. २०२२ मध्ये डीसीच्या एका विशेषांकात त्यांनी ‘फाइंडिंग बॅटमॅन’ ही छोटी चित्रकथा लिहिली. आपण समलैंगिक आहोत हे लपवून जगण्याचा ताण, स्किझोफ्रेनियाने ग्रस्त भाऊ, एड्सच्या साथीत गमावलेले मित्र... निवड चाचणीच्या दिवशी बॅटमॅनच्या दुःखाविषयी ऐकताना हे सारे वर आले आणि तो आवाज सापडला, असे त्यांनी त्यात सांगितले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, वयाच्या ६६ व्या वर्षी, कॉन्रॉय यांचे निधन झाले. पुढील वर्षी या चित्रकथेला कॉमिक्स क्षेत्रातील मानाचे आयस्नर पारितोषिक मिळाले. लहानपणी ज्या आवाजाने धीर दिला, तो स्वतः काय सोसत होता हे चाहत्यांना तेव्हा कळले.

महाराष्ट्रातील मुलांपर्यंत हे जग कसे पोहोचले?

भारतात कार्टून नेटवर्क १९९५ मध्ये आले, तेही टीएनटी या चित्रपट वाहिनीशी जागा वाटून घेत. दिवसा कार्टून आणि रात्री जुने इंग्रजी चित्रपट. केबलवाल्याने वाहिनी कोणत्या क्रमांकावर टाकली आहे, हे घरात सर्वात आधी मुलांना ठाऊक असे. सुरुवातीला सारे इंग्रजीतच होते. शब्द कळत नसले, तरी स्वर कळत होता. पुढे हिंदी डबिंग आले आणि गावोगावच्या मुलांची अडचण दूर झाली. ‘स्वॅट कॅट्स’ ही मालिका तर अमेरिकेत लवकर गुंडाळली गेली, पण भारतात तिच्या पुनःप्रक्षेपणांवर एक पिढी वाढली. २००० नंतर ‘जस्टिस लीग’मधून ब्रूस टिम यांची तीच चित्रशैली आणि इंग्रजी आवृत्तीत कॉन्रॉय यांचा तोच आवाज येथे पोहोचला.

मराठी मात्र या जगात फारशी ऐकू आली नाही. म्हणूनच २०२३ मधील ‘स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या ॲनिमेशनपटाची दखल घ्यायला हवी. भारतात तो दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यात मराठीही होती. या चित्रपटात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन आहे आणि त्याच्या शहराचे नाव आहे मुंबॅटन, म्हणजे मुंबई अधिक मॅनहॅटन.

शनिवारची सकाळ कुठे गेली?

ती एका दिवसात संपली नाही. आठवडाभर चोवीस तास कार्टून देणाऱ्या केबल वाहिन्या आल्या. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती किती असाव्यात यावर १९९० च्या कायद्याने मर्यादा आणली. १९९६ मध्ये शैक्षणिक कार्यक्रमांसाठी आठवड्याला तीन तासांचा निकष आला. मोठ्या नेटवर्कना हा वेळ परवडेनासा झाला. ‘द सीडब्ल्यू’ने २७ सप्टेंबर २०१४ रोजी आपला कार्टून विभाग बंद केला आणि अमेरिकी नेटवर्कवरील शनिवार सकाळची ती परंपरा संपली.

स्ट्रीमिंगमुळे सर्व काही कायम उपलब्ध राहील, हा समजही फोल ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये कार्टून नेटवर्कचे अमेरिकेतील संकेतस्थळ बंद करून प्रेक्षकांना कंपनीच्या सशुल्क सेवेकडे वळवण्यात आले. जुन्या कार्टूनसाठीची ‘बूमरँग’ ही स्ट्रीमिंग सेवाही त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बंद झाली. मार्च २०२५ मध्ये ‘लूनी ट्यून्स’चे मूळ लघुपट मॅक्सवरून काढले गेले. मालिका कोठे दिसणार आणि किती दिवस दिसणार, हे हक्क बाळगणारी कंपनी ठरवते. याला उलटा प्रवाहही आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेत ‘मीटीव्ही टून्स’ ही फक्त जुन्या कार्टूनची वाहिनी सुरू झाली. आणि १९४१ चे सुपरमॅन लघुपट हक्कमुक्त झाल्याने मोबाइलवर कोणीही विनामूल्य पाहू शकते.

‘एक्स-मेन ९७’ का चालले?

मार्च २०२४ मध्ये आलेल्या या मालिकेने जुने सुरुवातीचे संगीत ठेवले, पोशाख ठेवले आणि मूळ मालिकेच्या कर्त्यांना सल्लागार म्हणून घेतले. वुल्व्हरिनला पुन्हा कॅल डॉड यांचाच आवाज मिळाला. रोगचा आवाज देणाऱ्या लेनोर झॅन मधल्या काळात कॅनडाच्या संसदेत निवडून गेल्या होत्या, त्याही परतल्या. सायक्लॉप्सचे मूळ आवाज नॉर्म स्पेन्सर यांचे २०२० मध्ये निधन झाले होते, तेथे नवा कलाकार आला.

एवढ्यावर थांबली असती, तर ती आठवणींची दुकानदारी ठरली असती. पण पाचव्या भागात जेनोशा या म्युटंटांच्या देशावर हल्ला होतो, हजारो मरतात आणि गॅम्बिट हा लाडका नायक प्राण गमावतो. १९९२ मध्ये मॉर्फच्या मृत्यूने हादरलेली मुले आता पस्तिशी-चाळिशीत होती आणि मालिकेने त्यांना पुन्हा हादरवले. जुन्या मालिकेचे रंग उसने घेणे सोपे होते. तिने प्रेक्षकाला जसे गांभीर्याने घेतले, तसे घेणे अवघड होते. ‘एक्स-मेन ९७’ने ते केले.

हरवलेला आवाज यंत्राने परत आणता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या होय, आणि पुढचा वाद तोच आहे. मे २०२५ मध्ये ‘फोर्टनाइट’ या गेममध्ये दिवंगत जेम्स अर्ल जोन्स यांचा डार्थ व्हेडरचा आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने आणला गेला. जोन्स यांच्या कुटुंबाची परवानगी होती. तरीही कलाकारांच्या संघटनेने आपल्याशी वाटाघाटी न करता मानवी काम यंत्राला दिल्याची तक्रार केली. व्हिडीओ गेममध्ये आवाज देणारे कलाकार त्यावेळी यंत्रापासून संरक्षण मिळावे याच मागणीसाठी संपावर होते.

कॉन्रॉय यांनी मृत्यूपूर्वी ध्वनिमुद्रित केलेला एक प्रसंग जुलै २०२४ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या तिसऱ्या भागात आला. बॅटमॅन म्हणून त्यांचा तो अखेरचा संवाद ठरला. कॉन्रॉय नसतील, तर पुन्हा जोकर करण्यात मन नाही, अशी भावना हॅमिल यांनी व्यक्त केली आहे. त्यांना जुळवून घेणारा आवाज नको आहे, समोरचा माणूस हवा आहे.

या ओढीला मराठीत स्मरणरंजन असा नेमका शब्द आहे. पण तो येथे पुरत नाही. नव्वदच्या दशकात डझनावारी कार्टून आली आणि विस्मरणात गेली. त्यांचेही प्रेक्षक मुलेच होते. टिकली ती मुलांना सगळे कळते असे गृहीत धरणारी. काळा कागद आजही मिळतो आणि एखाद्याच्या आवाजाची नक्कल आता संगणकही करतो. पण तुटलेला दोर दाखवून गप्प बसायचे, हे कोणाला तरी ठरवावे लागते. झुल्याचा तो रिकामा दोर पाहून न समजणाऱ्या वयात गलबलून आलेली मुले आज स्वतःच्या मुलांच्या हातात मोबाइल देत आहेत. त्यावर काय लावून द्यायचे, एवढे तरी अजून त्यांच्या हातात आहे.